नळ ओवाळण्याची दिशा

आमच्या गल्लीत 'नळ' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली तोटी. दुसरा म्हणजे त्या तोटीतून दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पाऊण तास येणारं पाणी. त्यामुळे नळ येतो, नळ जातो, कोणाचा नळ चुकतो, कोणाचा नळ राहून जातो. लग्नातल्या पंगतीतून एखादी बाई अर्धं जेवण टाकून उठली आणि तिला कोणी अडवलं, तर ती सांगते, "नळ आला असंन नं घरी!" परक्या माणसाला वाटावं, मुंबईहून कोणी पाहुणा आला असावा.

तर मे महिन्यातल्या एका दुपारी मी ती तोटी हातात घेऊन अंगणात उभा होतो. भिंतीतली नव्हे, हातातली. आणि घराकडे तोंड करून मी हाक दिली, "अवं, नळ गेला!"

आतून बायको निवांत म्हणाली, "जाऊ द्या नं. आला कवा होता? पाच वाजता येते."

"तसा नाई गेला. तुटून गेला."

आतला मिक्सर बंद झाला.

हे कसं घडलं ते सांगतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, कारण साक्षीदार आहेत. मी पुलगावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतो. बस कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगणं हे माझं काम. आवाज हे माझं भांडवल आणि कान ही त्याची राखण. त्या कानांना दोन आठवड्यांपासून अंगणातल्या नळाची टपटप छळत होती. पाणी गेलं तरी पाइपात उरलेलं थेंब थेंब गळायचं. आतला वायसर झिजला होता, एवढंच. रबराची बोटभर चकती. ती बदलायची तर तोटीचं डोकं उघडायचं, जुनी काढायची, नवी बसवायची आणि डोकं पुन्हा लावायचं. दहा मिनिटांचं काम. पण मी नळाचं डोकं न उघडता नळाचीच मान पकडली. मोठा पाना घेतला आणि एखाद्या ऐतिहासिक नाटकातल्या सरदारासारखा पवित्रा घेऊन जोर लावला. नळ प्लास्टिकचा होता. दहा उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक कसं मोडतं ते तुम्ही ऐकलंय का? फार नम्र आवाज होतो. कट्.

तोटी माझ्या हातात आली आणि तिच्या मागचा आट्यांचा, म्हणजे फिरवून बसवायच्या पेचांचा, तुकडा भिंतीतल्या पाइपाच्या वळणात, एल्बोत, तसाच रुतून बसला.

बायको बाहेर आली. कोपरापर्यंत दोन्ही हात पांढरे झालेले. तिनं तोटीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. नंतर मागच्या पडवीकडे गेली. तिथं काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मीही मागोमाग गेलो.

पडवीत गव्हाची दोन मोठी घमेली होती. पायलीभर गहू तिसरा दिवस भिजत होते. कुरडया करायच्या म्हणजे गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, तिसऱ्या दिवशी वाटतात आणि वाटलेल्यातून भरपूर पाण्यानं चीक धुऊन काढतात. तो चीक रात्रभर खाली बसतो आणि सकाळी शिजवून साच्यातून उन्हात पाडायचा. बाळंतपण झालेल्या आमच्या लेकीनं हैदराबादहून फोनवर फक्त एक गोष्ट मागितली होती, "आई, तुझ्या हातच्या कुरडया." दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या आठ बायका मदतीला येणार होत्या. अर्धा गहू वाटून झाला होता. तो धुवायला वीस-पंचवीस बादल्या पाणी हवं होतं. आणि तिसरा दिवस असल्यामुळे आमचं टाकं तळाला गेलं होतं.

"आज धुतला नाई तर?" मी विचारलं.

"मे महिना हाय. उद्या सकाळी आंबटढोक. मंग गाईलेच घालावं लागते."

"शेजारच्या काकूंकडून पाणी घेऊ."

एवढं म्हणायला नको होतं. शेजारच्या काकू आणि माझी बायको यांच्यात कुरडईच्या तारेवरून वीस वर्षांचं शीतयुद्ध आहे. कोणाची तार बारीक, कोणाची पांढरी, कोणाची तळल्यावर जास्त फुलते. दोघी एकमेकींच्या घरी तासन् तास बसतात, आजारपणात भाकरी पोचवतात, पण मे महिन्यात दोघींचे डोळे बदलतात.

"तिच्या पाण्यानं माह्या कुरडया?" बायको म्हणाली. "घड्याळ पाहा. साडेतीन झाले. पाचले नळ येते. मले तोटी पाह्यजे."

मी आमच्या मिस्त्रीला फोन लावला. गावातला नळाचा हा एकच भरवशाचा माणूस. तो गिरडला गेला होता, मुलाच्या नोकरीचा नवस फेडायला, सगळं कुटुंब घेऊन. मागं ढोल वाजत होते, एक बकरी ओरडत होती आणि मिस्त्रीचा आवाज मधूनमधून वाऱ्याबरोबर येत होता.

"भाऊ, टेकडीवर हाओ! खाली टावर भेटत नाई, इथंच बोला!"

मी सांगितलं. तो इतका हसला की बकरीही गप्प झाली.

"प्लास्टिकच्या नळाले मोठा पाना? भाऊ, मुंगीले बैलगाडी जुपली तुमी! बरं आयका. मीटरजवळचा कॉक पहिले बंद करजा. मंग एक जुना पेचकस घेजा, चपट्या तोंडाचा. गॅसवर गरम करजा, लाल नाई, गरम. आतल्या तुकड्यात घुसवजा. प्लास्टिक वितळते, धरून घेते. आता लगेच फिरवायचं नाई! थंडं होऊ द्या. मंग उलटं फिरवजा, हळूहळू. निंघते."

"अन् नवा नळ?"

"पितळी आणजा, अर्धा इंची. पांढरी टेप आणजा. आट्यावर दहा-बारा वेढे. टेप कशी गुंडाळाची, ध्यान देऊन आयका. ओवाळल्यासारखी. नळाचं आट्याचं तोंड आपल्याकडे अन् बाई ओवाळते नं, तशी. उलटी गुंडाळली का नळ बसवतानी सारी टेप बाहेर येते. अन् नळ एकदा पुढे गेला का मागे फिरवायचा नाई, काई झालं तरी—"

ढोल वाढला आणि फोन गेला. पुन्हा लावला तर बाई सांगत होती की संपर्क क्षेत्राबाहेर.

हार्डवेअरच्या दुकानात मी पितळी नळ घेतला. दुकानदारानं वजन करून पाहिल्यासारखा तो हातात तोलला आणि विचारलं, "बसवून राह्यलं कोण?"

"मी."

"मंग टेपचे दोन रोल घ्या," तो म्हणाला.

मला अपमान वाटला. मी एकच घेतला.

पेचकसाचं काम मात्र बघण्यासारखं झालं, आणि माझ्याशिवाय कोणी बघत नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. गॅसवर तापवलेला पेचकस मी भिंतीतल्या तुकड्यात घुसवला. चुर्रर्र झालं, जळक्या बादलीसारखा वास आला. मनात शंभर अंक मोजले, मग आणखी शंभर. मग उलटं फिरवलं. आधी काहीच हललं नाही. मग जरासं हललं. मग तो तुकडा शहाण्या मुलासारखा भिंतीतून फिरत फिरत बाहेर आला, त्याच्या अंगावरची जुनी टेप पिवळी पडलेली. मी त्याला अंगणाच्या मध्यभागी ठेवून नमस्कार केला. सव्वा चार वाजले होते.

एल्बोच्या आतले आटे जुन्या ब्रशनं साफ केले. मग नवा नळ घेतला, आट्याचं तोंड माझ्याकडे केलं, टेपचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि थांबलो. ओवाळल्यासारखी.

आता ओवाळण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. मला तीन बहिणी आहेत. दर भाऊबीजेला तिघी. पाडव्याला बायको. लहानपणी वाढदिवसाला आई. पन्नास वर्षांत मला निदान दोनशे वेळा ओवाळलं गेलंय. मी डोळे मिटले, पाटावर बसलो, डोक्यावर टोपी घातली. समोर थोरली बहीण, हातात ताट, ताटात निरांजन. ताट माझ्या उजव्या गालाजवळून वर गेलं, कपाळावरून फिरलं आणि डाव्या गालावरून खाली उतरलं. स्पष्ट दिसलं. तुपाचा वाससुद्धा आला.

तशीच टेप गुंडाळली. उजवीकडून वर, डावीकडून खाली. बारा वेढे. नळ भिंतीत घालून फिरवायला लागलो तर टेप आट्यांवरून सुटून बाहेर यायला लागली, आणि नळाच्या गळ्याभोवती पांढरी झालर जमा झाली. नाटकातल्या इंग्रज साहेबाच्या कॉलरसारखी.

मी विचार केला, वेढे कमी पडले. काढला, वीस वेढे दिले. झालर मोठी झाली. मी विचार केला, वेढे अजून कमी पडले. उरलेला सगळा रोल गुंडाळला. आता नळाला स्वेटर घातल्यासारखं दिसत होतं. तो कसाबसा आत गेला आणि घट्टही झाला, पण थांबला तेव्हा तोंड आभाळाकडे होतं. कोंबड्यासारखं. तोंड खाली यायला अजून अर्धा फेरा लागत होता. पुढं फिरवायची मला भीती वाटली. एका दुपारी एक नळ मोडलेला माणूस दुसरा मोडायला धजावत नाही. म्हणून मी तो हळूच मागं फिरवला. मिस्त्रीनं 'काई झालं तरी' म्हटलेलं कानात होतं, पण कान माझेच, मी त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आवाज उठला. "नळ आला! नळ आला वं!" पाचला सात मिनिटं होती. तीन तीन दिवस वाट पाहायला लावणारा हा शहाणा पाहुणा आज नेमका लवकर आला होता.

मी मीटरजवळ धावलो आणि कॉक उघडला.

पाणी नळातून आलं नाही. ते नळाच्या गळ्यातून, झालरीच्या चहूबाजूंनी आलं. पांढऱ्या टेपचे तुकडे फडफडवत गोल फवारा उडाला. माझा सदरा, तुळशीची कुंडी, वाळत घातलेली चादर, भिंतीपलीकडच्या काकूंचं मांजर, सगळं एका क्षणात ओलं झालं. बादलीत तेवढा एक थेंबही पडत नव्हता.

भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं. "काऊन रे बापू, कारंजं बसवलं का?"

बायको धावत आली. "पाणी?"

"येऊन राह्यलं."

"कोठी?"

"सगळीकडं."

"बंद करा!"

मी कॉक बंद केला. सगळी गल्ली बादल्या आणि पाइपांच्या आवाजानं भरली होती, आमच्या अंगणात फक्त मी गळत होतो. बायको पायरीवर बसली आणि पांढऱ्या हातांकडे पाहत राहिली. त्या हातांवरचा चीक वाळून भेगाळायला लागला होता. मला माझ्या आयुष्यात बऱ्याचदा रागावून घ्यावं लागलंय, ते मला जमतं. हे जमत नव्हतं.

"लेकीले सांगावं लागंन," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी करू म्हणा."

"थांब," मी म्हटलं. "मिस्त्रीनं सांगितलं तसंच केलं मी. ओवाळल्यासारखी टेप गुंडाळली. एकदा नाई, तीनदा."

"कशी गुंडाळली? दाखवा."

मी नळ काढला, फाटकी टेप सोलली, आट्याचं तोंड माझ्याकडे केलं आणि हवेत हात फिरवून दाखवला. उजवीकडून वर, डावीकडून खाली.

बायकोनं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "पुन्हा." मी पुन्हा दाखवलं. तिनं भिंतीवरच्या काकूंकडे पाहिलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मे महिन्यात त्या दोघी एकाच वेळी हसल्या. काकूंना तर भिंत धरावी लागली.

"अवो," बायको डोळे पुसत म्हणाली, "हे ओवाळणं नाई. हे ओवाळून घेणं हाय!"

"म्हणजे?"

"पाटावर बसून जसं दिसते तसं गुंडाळलं तुमी. समोरून. जिच्या हातात ताट असते तिले ते उलटं दिसते. जन्मभर पाटावर बसले, एखाद्या वेळेस ताट हातात घेतलं असतं तर समजलं असतं!"

मी माझा उजवा गाल आठवला. तो गाल तिच्या डाव्या हाताला होता. खरंच की. पन्नास वर्षं मी निरांजनाच्या चुकीच्या बाजूला बसलो होतो, आणि पुरुषजातीचा प्रतिनिधी म्हणून मला हे कळायला एक अर्धा इंची नळ लागला.

"टेप?" बायकोनं हात पुढं केला.

टेप संपली होती. दुकानदाराचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला.

"शिलाई मशीनच्या खणात हाय माह्यापाशी," काकू भिंतीवरून म्हणाल्या आणि अदृश्य झाल्या. परत आल्या तेव्हा टेपचा अर्धा रोल हातात होता. तो बायकोला देताना म्हणाल्या, "घे. तार बारीक नाई आली तर टेपले नाव ठेवू नको."

"तार बारीकच येते माही," बायको म्हणाली. पण रोल घेतला.

तिनं हात पदराला खसाखसा पुसले. "धरा. तोंड माह्याकडं." मी नळ दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला, जणू नळच पाटावर बसलाय. ती ओवाळू लागली. तिच्या डाव्या हाताकडून वर, उजवीकडून खाली. प्रत्येक वेढा ताणून, आट्यात रुतेल असा. काकू भिंतीवरून मोजत होत्या. माझ्या तोंडातून औक्षणाचं काहीतरी बाहेर पडणारच होतं.

"गप बसा," बायको म्हणाली, मी तोंड उघडायच्या आत. "अर्धा तासबी नाई राह्यला."

बारा वेढे झाले. टोक बोटानं चेपलं. मी नळ हातानं बसवला, जमेल तेवढा घट्ट, मग पाना लावला. यावेळी टेप बाहेर आली नाही. आट्यांबरोबर गुमान आत चालली. थांबला तेव्हा नळाचं तोंड काकूंच्या भिंतीकडे होतं. पाव फेरा बाकी.

मी थबकलो. मागं फिरवून एकदा कपडे भिजले होते.

"पुढं फिरवा," बायको म्हणाली.

"तुटला तर?"

"पितळी हाय. अन् तुटला तर आठ जणींले तुमीच सांगजा, माइकवरून."

मी दात आवळले आणि पाव फेरा दिला. करकर झालं. नळाचं तोंड सरळ जमिनीकडे झालं. मी कॉक अगदी थोडा उघडला. तिघंही त्या सांध्याकडे पाहत होतो. एक थेंब आला असं मला वाटलं. बायकोनं बोट लावून पाहिलं. बोट कोरडं होतं, तो थेंब माझ्या कपाळावरून पडला होता. मी कॉक पूर्ण उघडला.

नळ आला.

मग जे झालं ते युद्ध होतं. पाइप टाक्यात, बादल्या रांगेत, मी बादली उचलायची आणि पडवीत नेऊन ओतायची, ती वाटलेला गहू चुरायची, गाळायची, पुन्हा पाणी मागायची. उरलेला गहू वाटायला काकू स्वतःचा मिक्सर घेऊन भिंतीला वळसा घालून आल्या. "विजेचं बिल माह्या माथी नोको," असं सांगून त्यांनी वायर आमच्याच बोर्डात खुपसली. नळ गेला तेव्हा टाकं अर्ध्याहून थोडं वर होतं आणि पातेल्यांत दुधासारखा चीक हलत होता. माझे खांदे माझे राहिले नव्हते.

सकाळी आठही जणी आल्या. अंगणात खाटांवर धुतलेली लुगडी अंथरली होती. शिजलेला चीक साच्यात भरून गोल गोल पाडणं चालू झालं. पहिल्या खाटेवर ओल्या कुरडयांचे पांढरे जाळीदार चंद्र उमटले, तेव्हा काकूंनी एक कडेचा तुकडा तोडून तोंडात घातला. सगळ्या जणी थांबल्या. बायकोच्या हातातला साचा हवेतच राहिला. एक रात्र, एक उशिरा झालेली धुलाई, मे महिन्यातला गहू. आंबट झाला असता तर आत्ता कळलं असतं, आणि काकूंकडून कळलं असतं, म्हणजे गल्लीत कळलं असतं.

काकूंनी सावकाश चघळलं. गिळलं. आणखी एक तुकडा तोडला.

"आंबट नाई," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, जड मनानं, "अन् तार बी बारीक हाय."

बायकोनं साचा दाबला. तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी कमरेत वाकून प्रेक्षकांना अभिवादन करायला पुढं आलो, सदरा नीट केला, गळा खाकरला.

"तुमी कोठी चालले?" तिनं विचारलं, आणि माझ्या हातात काठी दिली. "सावलीत बसा अन् कावळे हाकला. लेकीच्या कुरडया हायेत, एकालेबी चोच लावू देऊ नोका."

मी बसलो. ऊन चढेपर्यंत एकही कावळा खाटेवर उतरला नाही. ओल्या कुरडया मात्र चार कमी झाल्या, आणि त्याबद्दल कावळ्यांवर आळ घेणं बरोबर होणार नाही.